उतारावरचा लो गिअर

गुडघे गेलेत माझे. ट्रकच्या केबिनमध्ये चढायचं म्हणजे रोजची शिक्षा. म्हणून बायकोच्या धाकट्या भावाला हाताखाली घेतला. तो तयार झाला की मी घरी बसणार, असं ठरलेलं. सोलापुरातनं विजेचे खांब उचलून शेताशेतात पोचवायचे, हे आमचं काम. चारी चाकं ओढणारा हा जड ट्रक नुसत्या हायवेवाल्याला जमत न्हाय. गिअरच्या शेजारी ह्याला आणखी एक दांडा असतो: अवघड वाटंला सावकाश, ताकदीनं चालायचा लो, अन् सडकेवर पळायचा हाय.

मेव्हणा हायवेवालाच. उतार दिसला की न्यूट्रल मारायचा, डिझेल वाचवायला. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. "पाव्हणं, लो टाकायचा तो गाडी पूर्ण थांबवून. उतरताना पहिला गिअर, क्लचवर पाय न्हाय, इंजिनच गाडी धरून ठेवतं. अन् उतारावर लो काढायचा न्हाय म्हंजे न्हाय. लो अन् हायच्या मधी गाडी सुटती, मग गिअर कुठला का असंना."

"व्हय की दाजी," म्हणायचा.

परवा मंगळवेढ्याकडं एका ओढ्यात उतरायचं होतं. मागं खांब भरलेले, खाली ओली काळी माती, अन् ओढ्यात दोन वायरमन वाटेतले दगड बाजूला करत होते. त्यानं वरच थांबून लो टाकला, सगळं सांगितल्यासारखं केलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. अर्ध्या उतारावर इंजिन ओरडायला लागलं. "लई डिझेल पितीया," म्हणाला, अन् क्लच दाबून लोचा दांडा ओढला. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय.

दांडा मधीच राहिला. इंजिन गप झालं अन् गाडी पळाली. मी बोंबललो, हँडब्रेक ओढला. वायरमननी बाजूला उड्या टाकल्या. मागची चाकं चिखलात घसरत गेली, अन् ते दोघं उभे होते तिथंच ट्रक येऊन थांबला. त्यांची बायकापोरं आली डोळ्यांपुढं. रागवायचंही त्राण नव्हतं. जागा बदलली, पुढच्या उतारावरनं गाडी मीच उतरवली.

संध्याकाळी भाकरी वाढता वाढता बायकोनं विचारलं, "मग, उद्यापासनं ह्यो एकटा जाईल न्हवं?"

मी भाकरी मोडली. हो म्हणून टाकावं, असं लई वाटलं.

मेव्हण्यानं हातातला घास ताटात ठेवला. "नको अक्का," म्हणाला. "आज माझ्या हातनं दोन माणसं गेली असती. दाजींना बसू दे शेजारी."

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"बसतो," मी म्हणालो.