कान तुटलेला कप

स्टुलावर कप होता. कान तुटलेला.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन. पुढे मेजावर पांढरं कापड, ताटात पावाचे चौकोनी तुकडे आणि चांदीचा एक मोठा प्याला. त्यात मनुका उकळून केलेला रस. सगळी मंडळी त्या एकाच प्याल्यातून प्यायची. आपण सगळे एका शरीराचे अवयव, असं पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, दर वेळी सांगायचे. आणि त्या दिवशी मागच्या खिडकीपाशी कोणीतरी लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. त्यावर हा कप.

"त्या बाईंची सोय तिकडे केली आहे," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. मोठ्यानं. शेवटच्या माणसाला ऐकू जावं असं.

सेक्रेटरीबाई म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरींची बायको. देवळात पाळकसाहेबांचं जेवढं चालायचं, त्याहून यांचं जरा जास्तच. त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले होते, तीन पिढ्या उलटल्या होत्या, पण आजोबांनी सोडलेली उंच जात बाईंनी ट्रंकेत जपून ठेवली होती. मुलांची लग्नं ठरवताना ती बाहेर निघायची.

आणि 'त्या बाई' म्हणजे शेवटच्या सतरंजीवर बसलेली एक वाळलेली बाई. भुवया झडलेल्या. बोटं तळहाताकडे वळलेली, त्यातली दोन अर्धीच. महारोग होऊन बरी झालेली.

ती माझी माय.

मी तिसऱ्या बाकावर होते. वय एकोणीस. नर्सिंगचं दुसरं वर्ष. आम्हा शिकाऊ पोरींना रविवारी पांढऱ्या साडीत, टोपी घालून, रांगेनं देवळात नेत. मी मागे वळून पाहिलं नाही. पुढे जाऊन गुडघे टेकले, चांदीच्या प्याल्यातून प्याले, जागेवर येऊन डोळे मिटले. प्रार्थना करत नव्हते. फक्त डोळे मिटले होते.

सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेब मागे गेले. मान खाली. त्या कपात त्यांनी रस ओतला. मायनं तो दोन्ही तळव्यांत धरला. तिची बोटं सरळ होत नव्हती, कप नीट कलता होत नव्हता. हळूहळू प्यायली. कप स्टुलावर ठेवल्याचा आवाज झाला, टक्. तो आवाज मला ऐकू आला. अजून येतो.

त्याच्या तासभर आधी दारात काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. ते सांगायला मला फार वर्षं लागली.

माझा बाप मी लहान असतानाच गेला. मी आठ वर्षांची असताना मायच्या पाठीवर डाग उठला. सुई टोचली तरी कळायचं नाही. चुलीवरचं पातेलं उघड्या हातानं उतरवायची आणि हात भाजल्याचा वास आला की मग पाहायची. नागपुराबाहेर महारोग्यांचा एक दवाखाना होता, तिथं तिला ठेवलं. मला ठेवलं मुलींच्या बोर्डिंगात. बोर्डिंगावर देखरेख सेक्रेटरीबाईंची. मुलीला भेटायला येणार नाही, अशा कागदावर त्यांनी मायचा अंगठा घेतला. आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर, आईच्या नावापुढे, त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं: मयत.

"यात तुझंच भलं आहे," त्या म्हणाल्या. "उद्या तुझं शिक्षण, तुझं लग्न. कोण घेईल तुला?"

पुढे नर्सिंगच्या फॉर्मवरही तेच लिहिलं त्यांनी. मी खाली सही केली. त्यांच्या शिफारशीवर मला जागा मिळाली. जिवंत मायला मी शाईनं मारलं आणि त्या शाईवर माझं शिक्षण चाललं.

आणि माय बरी झाली! अकरा वर्षं गोळ्या खाऊन. हिच्यापासून आता कोणाला धोका नाही, असा डॉक्टरांचा कागद तिला मिळाला. कामठीच्या पुढे, दवाखान्यातून सुटलेल्या लोकांच्या झोपड्या होत्या, तिथं ती राहायला गेली. आणि पहिल्याच रविवारी बसनं थेट देवळात आली. देवाचे उपकार मानायला. दारात तिनं मला पाहिलं आणि थबकली. अकरा वर्षांनी. आम्ही दोघी तशाच उभ्या.

सेक्रेटरीबाई मध्ये आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी मला विचारलं, बाकी पोरींसमोर, "का गं, तू ओळखतेस का हिला?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. मला फॉर्म दिसला. टोपी दिसली. हॉस्टेलची खाट दिसली.

"नाही," मी म्हटलं.

आमच्या शास्त्रात एका शिष्याची गोष्ट आहे. आपल्या गुरूला पकडून नेलं तेव्हा भीतीपोटी तो तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना मला त्याचा राग यायचा. मला तर तीनदा म्हणायचीही गरज पडली नाही. एकदाच पुरलं.

माय माझ्याकडे बघत होती. मग बाईंकडे वळली. "बराबर हाय बाई," म्हणाली. "थे पोरगी कोनाची हाय, मले काय मालूम? मी त देवाच्या घरी आली." आणि आत जाऊन शेवटच्या सतरंजीवर बसली.

मी नाकारलं, आणि तिनं माझं नाकारणं पदराखाली झाकून घेतलं. आई म्हणतात ती हीच.

गंमत बघा. त्याच महिन्यात आम्हाला वर्गात महारोग शिकवला होता. उपचार पूर्ण झालेल्या रोग्यापासून संसर्ग होत नाही, हे मी परीक्षेत मुद्देसूद लिहिलं. चांगले मार्क पडले. म्हणजे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मला सगळं माहीत होतं. मी भीत होते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी तोंडावर पदर ओढून कामठीची बस पकडली. मायच्या झोपडीत गेले. ती रडली, मी रडले. तिनं मला हात लावला नाही. मीच तिचा हात ओढून गालावर धरला. मग मी तिच्यावरच चिडले. स्वतःचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो ना, तसं.

"तुले लाज नाही वाटत, माय? त्या फुटक्या कपातून पेतं? तुयाच बापानं सांगतलं होतं ना मले, मालगुजाराच्या ओसरीत आपल्या लोकायसाठी असाच कप ठेवलेला राहे?"

खरंच सांगितलं होतं. मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार; त्याच्याकडे आम्हा खालच्या जातीच्यांसाठी असाच कान तुटका कप, कोनाड्यात उपडा. चहा वरून ओतायचा आणि पिणाऱ्यानं तो धुऊन परत उपडा घालायचा. माझा आजा त्या कपाला कंटाळून ख्रिस्ती झाला होता. कप त्याच्या आधी देवळात येऊन बसलेला असेल, हे त्याला कुठं ठाऊक?

माय शांतपणे म्हणाली, "कप त्यायचा हाय, वं. त्याच्यातलं त्यायचं नाही."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं.

"दवाखान्यात गेली ना, तवा मी लई भेत होती," ती म्हणाली. "बोटं गळून राहिली होती. मी देवाले म्हनलं, बोटं नेतं त ने बापा, पर भेव बी संगं ने. त्यानं दोन्ही नेलं. आता मी कोनाले भेऊ? त्या बाईले?"

"मंग मी सांगतो सगळ्यायले, तू माई माय हायस म्हणून."

आणि जी बाई कोणाला भीत नव्हती, ती एकदम घाबरली. "नाही नाही. तू चूप राय. तुयं शिक्षण होऊ दे. माया गळ्याची आन हाय तुले."

मला ती शपथ हवीच होती. भित्र्या माणसाला शपथ फार सोयीची. मी गप्प राहिले. महिन्यामागून महिना. माय दर पहिल्या रविवारी यायची, शेवटी बसायची, शेवटी प्यायची. टक्. मी तिसऱ्या बाकावर.

चौथा महिना. उपासना संपली, लोक उठत होते. सेक्रेटरीबाईंनी मला हाक मारली. हातात फिनाईलची बाटली.

"तू नर्स आहेस ना? तो कप जरा नीट धुऊन टाक. पाण्यानं नको, फिनाईलनं. आणि हाताला फडकं गुंडाळ गं, उगाच जोखीम कशाला?"

माय तिथंच होती. स्टुलापासून दोन पावलांवर. चपला घालत होती. तिनं ऐकलं आणि चपलेकडेच बघत राहिली.

मी कप उचलला. फडकं न गुंडाळता. आत पाहिलं. तळाशी घोटभर रस उरलेला. मायची बोटं वळत नव्हती, कप पुरता कलता व्हायचा नाही, म्हणून दर वेळी तेवढा उरत असणार. चांदीच्या प्याल्यातला उरलेला थेंबही पाळकसाहेब स्वतः पिऊन टाकायचे, सांडू द्यायचे नाहीत. प्रभूचं रक्त म्हणायचे त्याला. आणि या कपातलं? त्याच मनुकांचं, त्याच प्रार्थनेचं. त्यावर फिनाईल?

चार महिने तेच होत होतं. मायच्या ओठाला लागलं की देवाचं रक्तसुद्धा बाटतं, असं या लोकांचं मत होतं. आणि चार महिने मी या लोकांच्या पंगतीत बसले होते.

भीती तेव्हाही होतीच. हे मी लपवत नाही. कप दातांवर आपटला. मी तो घोट प्याले.

"ही माझी आई आहे," मी म्हटलं. "मेलेली नाही. तुम्ही लिहिलंत आणि मी सही केली."

सेक्रेटरीबाईंनी आपल्या मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्या वर्गातल्या पोरी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. पाळकसाहेब रिकामं ताट हातात घेऊन भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, देव प्रीती आहे.

एकच आवाज आला. माय कपाळ बडवत होती. "काहून वं? काहून केलं असं? आन घातली होती ना तुले मी!"

मी तिचा हात धरला आणि बाहेर पडले. दुसऱ्या हातात कप तसाच होता.

तिसऱ्या दिवशी मेट्रननं बोलावलं. फॉर्म टेबलावर.

"ही सही तुझी?"

"माझी."

"माहिती खोटी आहे?"

"खोटी आहे."

अक्षर कोणाचं, ते कोणी विचारलं नाही. टोपी काढून टेबलावर ठेवली. ट्रंक रिक्षात घातली.

आता कोणाला वाटेल, आई मिळाली, सगळं मिळालं. तसं झालं नाही. मी झोपडीच्या दारात ट्रंक उतरवली तेव्हा माय उंबऱ्यात बसून राहिली, मला आत ये म्हणाली नाही. ट्रंकेकडे बघत म्हणाली, "कागदावर मेलेलीच बरी होती मी."

हे वाक्य माझ्या काळजात आहे. ते निघत नाही.

त्यानंतर ती देवळात आली नाही. माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. देवानं नेलेलं भय माझ्या रूपानं तिच्याकडे परत आलं. मी दवाखान्यात जखमा बांधायचं काम धरलं, दोघींचं भागत होतं, मी सुखी आहे हे तिला परोपरीनं सांगत होते. तिला पटलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. आमच्या मंडळीच्या कब्रस्तानात जागा नाही, असा निरोप आला. दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली तिला मूठमाती दिली. पाळकसाहेब सायकलनं एकटेच आले, प्रार्थना केली, मला काहीतरी म्हणणार होते. मी ऐकायला थांबले नाही.

दवाखान्याच्या रजिस्टरात मायच्या नावापुढे रकाना होता. नातेवाईक. तिथं लिहिलेलं: कोणी नाही. तिनंच सांगून ठेवलं होतं, शेवटपर्यंत मला झाकायला. मी कारकुनाच्या हातातून टाक घेतला, ते खोडलं, आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, मुलगी. मग त्या टेबलावर डोकं ठेवून ओरडून रडले. देवाशी भांडले. त्यानं उत्तर दिलं नाही. तरी मी त्याला सोडलं नाही आणि त्या बाईंच्या हवाली तर मुळीच केलं नाही.

मायचं भय देवानं नेलं होतं. माझं नेलं नाही. आधी मला वाटायचं, म्हणजे माझा विश्वास कच्चा. आता तसं वाटत नाही. भीती जाईल तेव्हा जाईल. तिला विचारून मी चालत नाही, एवढंच.

अजूनही महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याच देवळात जाते. दवाखान्यातून सुटलेल्या बायका बरोबर असतात. कधी दोघी, कधी पाच. शेवटच्या सतरंजीवर आम्ही बसत नाही. पहिल्या बाकावर बसतो. लोक सरकतात, सरकू देत. कान तुटलेला कप माझ्या पिशवीत असतो. ज्या दिवशी चांदीचा प्याला आम्हाला नाकारतील, त्या दिवशी तो कप मी त्याच पांढऱ्या कापडावर, त्या प्याल्याच्या शेजारी, स्वतःच्या हातानं ठेवणार आहे. मग सगळ्या मंडळीनं त्यातूनच प्यायचं, नाहीतर कोणीच प्यायचं नाही.

परवा एका नव्या माणसानं दारात मला अडवलं. हळूच विचारलं, "या बायका कोण? तुम्ही ओळखता यांना?"

माझे पाय कापले. दर वेळी कापतात.

"ओळखते," मी म्हटलं. "मी महारोगी बाईची पोर आहे. बाजूला व्हा."