टेकडीवरून आणलेली चाबी

दामिनी मूल गावाकडची. बाप तलावात जाळं टाकायचा. आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका दवाखान्यात कॉम्प्युटरचं सारं काम ती एकटी सांभाळायची. गाडी चालवणाऱ्या मनसारामला ते काम कधी कळलंच नव्हतं. पोरगी खुर्चीत बसून बोटं चालवते, एवढंच त्याला दिसायचं.

एका सकाळी व्होल्टेज वाढलं आणि नोंदी ठेवणारं मोठं मशीन जळालं. आठ हजार पेशंटच्या नोंदी वेगळ्या डिस्कवर शाबूत होत्या. दामिनीनं त्या दुसऱ्या मशीनवर चढवल्या. पण डेटाबेस काही उघडेना; तो परवान्याची चाबी, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अक्षरं, मागत होता. इकडे वॉर्डात सुकरी धापा टाकत होती. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची बाई, आठवा महिना. मागं रक्त चढवताना तिच्या जिवावर बेतलं होतं. तिला कोणतं रक्त चालत नाही, ते त्या नोंदीतच होतं.

"भाऊ, गाडी काढा. टेकडीवर जाऊन कंपनीले फोन लावाचा आहे, चाबीसाठी."

"काऊन? चाबी नाई का तुमच्यापाशी?"

"आहे ना. पण ते जुन्या मशीनच्या नावाची. नव्याले कंपनीच देऊ शकते."

रेंज फक्त टेकडीवरच; तिथंही फोन कसाबसा लागला. कंपनीतला माणूस म्हणाला, अर्ज पाठवा, तीन दिवस लागतील. दामिनीचा आवाज चढला नाही. करारातलं कलम तिनं आकड्यासकट सांगितलं: मशीन जळालं तर तात्पुरती चाबी त्याच दिवशी. त्यानं करार उघडून पाहिला. मग म्हणाला, "नव्या मशीनचा कोड सांगा."

आवाज तुटत होता. बी की डी, कळेना. "बी, बिरजूतला. डी, दामिनीतला," दामिनी म्हणाली. तिकडच्यानंही तीच नावं धरली. चाबीची पंचवीस अक्षरं तिनं मनगटावर लिहिली आणि चूक राहू नये म्हणून शेवटाकडून पुन्हा वाचून दाखवली. मनसाराम गाडी चालू ठेवून उभा.

परतल्यावर तिनं अक्षरं टाकली आणि पडदा नोंदींनी भरला. सुकरीची नोंद सापडताच दामिनी धावत वॉर्डात गेली. मनसाराम पडद्यावरची गावांची नावं वाचत तिथंच थबकला. कसनसूर, भामरागड, त्याचं स्वतःचं गाव. एकेक माणूस, त्याचं रक्त, त्याचं दुखणं. एवढी माणसं या पोरीच्या हाती होती!

दुपारी सुकरीला चालेल असं रक्त मिळालं. महिन्याभरानं तिला मुलगी झाली. मनसाराम आता नव्या माणसाला दवाखाना दाखवताना आधी दामिनीची खोली दाखवतो, आणि हळू आवाजात म्हणतो, "इथी बोलू नोका. बाई काम करून राह्यली."