उबर गोड संत्रा

चहाचा कप आधी खाली ठेवा. माझा गाढवपणा ऐकून सांडाल आणि वर दोष मलाच द्याल!

यंदा बाबांशी भांडून मी एक दिवस मिळवला. "बागेचा संत्रा थेट रस्त्यावर विकून दाखवते!"

"एकच दिवस," बाबा म्हणाले. "नाही जमलं तं उद्या व्यापाऱ्याले बागेचा सगळा माल देऊन टाकतो."

एका दिवसात क्रांती करायची, तर नुसत्या 'गोड संत्रा' पाटीवर होते का? नागपूरला कॉलेजात आम्ही ऊठसूट 'उबर' लावायचो. उबर भारी, उबर मस्त! शब्द मूळचा जर्मन. म्हणजे लय, सगळ्यांच्या वर! सौसरच्या पेंटरकाकांना मी फोनवर लिहून पाठवलं, 'उबर गोड संत्रा'.

सकाळी रामाकोन्याच्या फाट्यावर पाटी टांगली. वाचली का? घाईत कोण वाचतं!

पहिलीच गाडी थांबली. मावशींनी पाटी पाहिली, मग संत्री पाहिली.

"काव पोरी, खरंच उंबर हाये का हे?"

"एकदम उबर, मावशी!"

"आतून बी?"

"आतूनच तर जास्त! फोडून दाखवू?"

"नको व माय!" गाडी पसार.

मागून एक काका आले. "सगळेच तसे हायेत?"

"एकूण एक! दुसरा मालच नाही आमच्याकडे!"

तेही गेले. दुपारपर्यंत लोक गाडी हळू करत, वाचत, हसत आणि सुटत. मी आपली घसा फोडून ओरडतेय, "उबर! उबर!"

शेवटी बाबा आले. "काय लिहून ठेवलं व हे? उंबर?"

मी वर पाहिलं. 'उ'च्या डोक्यावर संत्र्याएवढं टिंब! उंबर! फोडलं की आतून किडे निघतात, तेच फळ!

पेंटरकाकांना फोन लावला. "काका, टिंब कशाले दिलं?"

"तू विसरली होती ना व! म्हटलं, शिकलेल्या पोरीची चूक चारचौघात दिसू नये."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा त्या एका शब्दावर टांगला. उरलं 'गोड संत्रा'. आणि काय सांगू, सांजेपर्यंत टोपल्या रिकाम्या!

"व्यापाऱ्याले थांबवतो," बाबा म्हणाले. "पन पाटी मी लिहीन."

तेवढ्यात सकाळच्या मावशी परतीच्या वाटेवर थांबल्या. मला न्याहाळत बाबांना म्हणाल्या, "पोरगी तुमचीच का? चांगली शिकलेली दिसते."

बाबांनी दुपट्टा जरासा उचलला.

"हो ना, बाई. उंबर शिकली!"