लास्टकाका येईपर्यंत

लास्टकाकांनी मला दोनदा वाचवलं, हे आधी लिहून ठेवते. एकदा टिटवाळ्याच्या रस्त्यावर, माझे दोन्ही गुडघे फुटले होते तेव्हा. दुसऱ्यांदा कशातून, ते सांगायला थोडा वेळ लागेल. मी आठवीत शाळा सोडलेली बाई, लिहायची सवय नाही. पण बोलायला गेले की भलतंच बोलून बसते, म्हणून लिहितेय.

सत्तरीला टेकलेला हा माणूस आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये सगळ्यांत चांगली सायकल चालवायचा आणि सगळ्यांत मागे चालवायचा. म्हणून नाव पडलं लास्टकाका. नवीन कोणी आलं की त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो. मग एखाद्या चढावर कोणाची चेन पडली की काका मागून येऊन, हात काळे करून, चेन बसवून, त्याला पुढे घालून पुन्हा त्याच्या मागे. धापबीप काही नाही. मी एकदा विचारलं, काका, कधीतरी पुढे जा ना. तर म्हणाले, “पुढं जायाला कोन पन जातो गो बाय. मागं कोन र्‍हायला, ते बघाया पन कोनतरी पायजे ना.”

मी हिंगोलीकडची. तीन वर्षांपूर्वी टिटवाळ्याला खोली घेऊन तिघी बायका राहायला लागलो आणि कामाला जायला मी जुनी सायकल घेतली. उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून पलीकडे पडले. तेवढ्यात हेल्मेटवाली पंधरा-वीस माणसं शेजारून गेली. एकदोघांनी “ओके ना, ताई?” विचारलं आणि उत्तर यायच्या आत निघूनही गेले. सगळ्यांच्या मागे काका होते. ते उतरले, माझ्या गुडघ्यांवर पाणी ओतलं, सायकलचं पुढचं चाक दोन पायांत धरून वाकडं हँडल सरळ केलं आणि मग म्हणाले, “पुढचा ब्रेक म्हंजे शिवी. गरज परली तरच द्याची, नि ती पन हलू.” रडता रडता मला हसू आलं. पुढच्या रविवारी ये म्हणाले. मी गेले.

काकांचं मूळ गाव कल्याणजवळ, आता तिथे इमारती आहेत. लहानपणी बाप म्हशी राखायचा आणि काका सायकलला किटल्या अडकवून दूध घालायचे. पुढे ठाण्यात कारखान्यात फिटर झाले, कळव्याला घर घेतलं, पण वाटा डोक्यात तशाच राहिल्या. गांधारीच्या पुलापलीकडच्या, मलंगगडाच्या पायथ्याच्या, काळू नदीच्या काठच्या. ग्रुपमधले लोक वाटांना इंग्रजीत नंबर द्यायचे. काकांच्या तीनच जाती. दुधाची वाट, म्हणजे किटली नेली तर थेंब सांडणार नाही, शिकाऊ माणसानेही जावं. ताकाची वाट, म्हणजे पोचेपर्यंत घुसळून निघाल. आणि लोण्याची वाट. तिथे जाणाऱ्याने घरी सांगून जावं. मी पहिले सहा महिने दुधावर होते. ताकावर घेतलं त्या दिवशी गावी फोन करून मायला सांगितलं. तिला काही कळलं नाही. “ताक पिऊन सर्दी करून घेऊ नको,” म्हणाली.

याच ग्रुपमुळे मला नोकरीही लागली. ग्रुप ज्यांनी काढला त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांचं कल्याणला औषधांचं गोदाम आहे, तिथे मी पॅकिंगवर. माणूस चांगला आहे, पण शिस्तीचा कडक. गोदामात एक खोकं चुकीच्या फळीवर गेलं तरी दिवसभर नाव निघतं. हे सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल.

ग्रुपची एक रीत काकांनीच घालून दिलेली होती. जिथे वाट फुटते तिथे पुढच्यांनी एकाला उभं करून जायचं. त्याने सगळ्यांना वळण दाखवायचं आणि लास्टकाका येईपर्यंत जागा सोडायची नाही. कोणत्या फाट्यावर कोण, हे निघतानाच ठरायचं. ऊन असो, कुत्री असोत, उभं राहायचं. काका आले की म्हणायचे, “चल, सुटलीस,” आणि मग आपण त्यांच्या पुढे निघायचं. एवढी एकच रीत. तिच्यामुळेच ग्रुपमध्ये साठीची बाईही बिनघोर यायची आणि माझ्यासारखी भित्रीही.

मागच्या हिवाळ्यात टिटवाळ्यामागच्या ताकाच्या वाटेवर खाणीचा फाटा माझ्याकडे आला. उजवीकडे नदीची वाट, डावीकडे बंद पडलेली दगडखाण. धुकं होतं. सगळे वळून गेले. काका एका नवशिक्याबरोबर बरेच मागे होते. तो दमून परत फिरला आणि काका त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, हे मला नंतर कळलं. मी एकटी उभी. पाण्याची गुलाबी बाटली शेजारच्या दगडावर ठेवलेली. एका मोटरसायकलवर दोघेजण आले, थांबले, एकटी काय करतेस म्हणाले. मी सायकल त्यांच्या नि माझ्या मधे घेतली. ते हसत खाणीच्या बाजूला गेले. थोड्या वेळाने त्यांच्या गाडीचा आवाज परत जवळ यायला लागला.

मी नदीच्या वाटेने पळाले. बाटली तिथेच राहिली. पेडल मारताना मनात हेच की काकांना कशाला लागतंय कोणी वळण दाखवायला, त्यांना तर डोळे मिटूनही रस्ता सापडेल.

इथवर भीती होती. भीतीचं मला कोणी काही म्हटलं नसतं. पण नदीवर सगळे चहाला थांबले होते तिथे मी पोचले, सरांनी विचारलं, “काका आले?” आणि मी म्हणाले, “येतायत मागून.” म्हणजे काकांनीच मला सोडलं, असं सगळ्यांनी धरलं. जागा सोडली, असं सांगायची लाज वाटली. तिथे मोबाईलला रेंज नसते. चहा झाला, फोटो झाले. पाऊण तास गेला. मग सर उठले.

काका खाणीत सापडले. खाणीकडच्या वाटेवर चोरून दगड नेणाऱ्या डंपरवाल्यांनी नवीन कडा तोडलेला होता, तो त्यांना माहीत नव्हता. दोन पुरुष उंचीवरून खाली पडले होते. मांडी विचित्र वळलेली. शुद्धीवर होते. सायकल बाजूला पडली होती आणि तिच्या बाटलीच्या कडीत माझी गुलाबी बाटली होती.

ती पाहिली आणि मला सगळं कळलं. फाट्यावर मी नाही, बाटली आहे, आणि मोटरसायकलचे ताजे माग खाणीकडे गेलेत. ते मला शोधायला उतरले होते.

सरांनी विचारलं, काका, इकडे कसे आलात? काकांनी आधी सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. मी दिसले तशी ती थांबली. मग म्हणाले, “रस्ता चुकलो.” सगळे दोरी आणायला, गाडी बोलवायला पांगले तेव्हा मी त्यांच्या डोक्याशी बसले. एवढंच म्हणाले, “भेटलीस ना. झाला.”

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दवाखान्यात नाही, दुसऱ्या ऑपरेशननंतरही नाही.

हाड नीट जुळलं नाही. काका कळव्याला चौथ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ते आता खाली येत नाहीत. खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो, तेवढाच. ग्रुपवर सरांनी मेसेज टाकला की वयामुळे काकांना रस्ते विसरायला होतंय, यापुढे वाटा तरुण मंडळी ठरवतील. खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

मी महिन्यातून एकदा जाते. काकी चहा करतात आणि दर वेळी तेच म्हणतात, आमच्या यांनी उभ्या जन्मात वाट चुकवली नाही हो, कसं झालं कोण जाणे. तो चहा मला गिळवत नाही. एकदा काकी आत गेल्यावर मी बोलायला लागले तर काकांनी हाताने थांबवलं. “तू नवी हायस. नव्याला लोकं सोरत नाय. जुन्याला काय, वय झाला म्हनतात नि गप बसतात.” मग विचारलं, आज कुठली वाट केली, शेवटी कोण होतं? मी म्हणाले, मी. त्यांनी मान हलवली. उशाशी माझी बाटली होती. पडल्या पडल्या पेल्यातून पिता येत नाही, म्हणून ते तिनेच पाणी पितात. कोणाची आहे म्हणून काकींनी विचारलं होतं, तर म्हणाले, “सापरली.”

गेल्या रविवारी नवीन वाट ठरत होती. मी म्हणाले, काकांना विचारू या का? एकजण म्हणाला, “नको बाबा, खाणीत नेतील.” सगळे हसले. मी पण हसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

काका, तुमची मांडी मला भरून देता येणार नाही. पण माझ्यापायी तुम्ही जे नाव टाकून दिलंत, ते मी परत आणीन. त्याच फाट्यावर सगळ्यांना थांबवीन आणि सरांच्या समोर सांगेन की हा माणूस रस्ता चुकला नाही, मी जागा सोडली. मग नोकरी राहो, जावो. अजून धीर होत नाही, खोटं कशाला बोलू. पण सांगेन, आणि सांगून झाल्यावर चार मजले चढून तुमच्याकडे येईन. तोवर ती बाटली तुमच्याच उशाशी राहू द्या.