फ्रेममागची रद्दी

आमच्या मालाडच्या गल्लीत मी कुणाच्या घरात शिरले की लोक आधी भिंतीवरचे फोटो सांभाळतात. काय करू? फोटोच्या मागे फ्रेमवाला जुना पेपर भरतो आणि तो पेपर मला हवा असतो. फळीवर अंथरलेला, ट्रंकेच्या तळाशी चिकटलेला, कसाही चालतो. त्यात आपल्या भागातला नळ, रस्ता, नाटकाच्या जाहिराती, सगळं सापडतं. आमचे हे म्हणतात, "लोक रद्दी घालतात, तू रद्दी आणतेस." म्हणू दे.

यंदा गणपतीला मंडळानं ठरवलं, सजावट साधी करायची आणि मंडपात आपल्या गल्लीचं प्रदर्शन लावायचं. पेपर माझे, रस्त्यावरचे जुने फोटो लोकांचे. फोटो आले ढीगभर, पण अर्ध्यांना भोकं! आमच्याकडची रीतच ती. घरातलं माणूस गेलं की हार घालायला त्याचा एकट्याचा धड फोटो सापडत नाही. मग ग्रुप फोटोतून त्याच्यापुरता तुकडा कापायचा, मोठा करून भिंतीवर लावायचा आणि उरलेला फोटो परत डब्यात. म्हणजे गल्ली शाबूत, माणसं गायब. प्रदर्शनाची पार वाट लागली होती.

नाक्यावर मासे विकणाऱ्या मावशीचा मात्र या फोटोंवर डोळा होता. ती मढच्या कोळीवाड्यातली. तिची आईही याच नाक्यावर बसायची. मावशी लहान असतानाच ती गेली. फोटो एकही नाही.

"चेहरा आठवत नाय गो," बोंबील साफ करता करता ती म्हणाली. "आवाज आठवतो, हात आठवतात. तोंड नाय. तुझ्या त्या रद्दीत बघ ना एकदा."

साठी उलटलेली बाई हे बोलत होती. मी हो म्हणून बसले आणि मग धास्तावले. नाक्यावरच्या कोळणीचा फोटो कोण कशाला काढेल?

दोन दिवसांनी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी एक फोटो आणून दिला. त्यांच्या बाबांची नवी सायकल, मागे आमचा नाका आणि मधोमध चौकोनी भोक.

"बाबा कुठायत?" मी विचारलं.

"भिंतीवर," काका म्हणाले.

भोकाच्या कडेला माशांची पाटी दिसत होती आणि पाटीवर टेकलेला एक काकणं भरलेला हात. बाकीची बाई बाबांबरोबर कापली गेली होती. मी तडक नाक्यावर गेले. मावशीचे हात ओले, म्हणून फोटो मीच तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"जागा आयची," ती म्हणाली. "पाटी पण आयची." आणि कोयता ठेवून उठलीच.

तिला घेऊन काकांच्या घरी गेले. भिंतीवर बाबा सोनेरी लंबगोल पुठ्ठ्यातून हसत होते. आयुष्यात हसले ते म्हणे त्या एकाच फोटोत. शेजारी कुणी नाही, सगळं त्या पुठ्ठ्याखाली झाकलेलं.

"काका, फ्रेम उघडा."

"झालं तुझं सुरू! रद्दीसाठी आता माझा बाप उतरवणार?"

"रद्दी नको हो. बाबांच्या मागचं माणूस हवंय. मावशीची आई आहे ती, बहुतेक."

काकांनी दारात उभ्या मावशीकडे पाहिलं आणि पकड आणली. खिळे निघाले. आतून पेपर पडला. खरं सांगते, मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांनी पुठ्ठा उचलला.

बाबांच्या खांद्यामागे एक तरणी कोळीण होती. एका हातात पापलेट उंच धरलेलं, तोंड उघडं, बाबांवर चक्क ओरडत होती. बाबा हसत होते ते तिलाच.

"अरे देवा!" काका म्हणाले. "माळ घातल्यापासून बाबांनी माशाला हात लावला नाही, आणि आम्ही इतकी वर्षं पापलेटाला उदबत्ती ओवाळतोय!"

काकू, मी, सगळेच खो खो हसलो. मावशी हसली नाही. तिनं तोंड फोटोच्या अगदी जवळ नेलं.

"अगो," ती म्हणाली, "ही तर पोर हाय. माझ्या लेकीपेक्षा पण ल्हान."

मग ती रडली, आणि मीही.

भिंतीवरच्या फोटोची छोटी प्रत काढून आम्ही सायकलच्या फोटोचं भोक भरलं आणि मंडपात तो पुरता लागला. काकांनी लंबगोल पुठ्ठा मात्र परत लावलाच नाही, बाबांना तसंच भिंतीवर टांगलं. दुसऱ्याच सकाळी मावशी अबोलीचा लांबलचक हार घेऊन त्यांच्या दारात हजर.

"कुणाला गं?" काकूंनी विचारलं.

"दोघांना," ती म्हणाली. "पण थांब, आधी जरा बघू दे."

आणि हार हातात धरून ती बघतच उभी राहिली. खाली तिच्या पाटीवर मांजर बसलं होतं. मीही तिथंच होते, मला काकांच्या खिडकीतून दिसत होतं, पण मी तिला सांगितलं नाही.