रोहण्याच्या बसमधले रुमाल

"आली, आली! शेषराव, शिट्टी ऐकली ना?"

रोहणा स्टेशनाच्या बाहेर उभा राहून मी अक्षरशः ओरडत होतो. कंडक्टर शेषरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाले, "साहेब, ते त रोजच येते."

येत होती रोजच. पण तिच्यातून उतरणाऱ्यांसाठी बाहेर बस उभी आहे, असं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच घडत होतं. आणि ती बस तिथे उभी करण्यासाठी मी वर्षभर डोकेफोड केली होती. ओरडू नको तर काय करू?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा वर्ध्याला होतो. जिल्ह्याच्या वाहतुकीचा आराखडा करणं हे माझं काम. डिझेल महागलं होतं आणि बचतीची परिपत्रकं वरून धडाधड येत होती. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. त्यावर बसचे मार्ग मी लाल पेन्सिलीने काढले आणि रेल्वेचे निळ्या. पुलगावहून रोहण्यावरून आर्वीला एक छोटी लाइन जायची. अरुंद रुळ, कोळशाचं इंजिन, मोजके डबे. तिच्या शेजारूनच आमचा रस्ता. न बोलणाऱ्या जावांसारख्या लाल आणि निळी रेघ एकमेकींच्या बाजूने चालल्या होत्या. दोन्हीकडे निम्म्या जागा रिकाम्या. आणि आत, मातीच्या रस्त्यांवर, जी गावं होती, त्यांच्या नशिबी ना लाल ना निळं.

माझं म्हणणं साधं होतं. बसने रेल्वेशी शर्यत लावू नये, तिला माणसं आणून द्यावीत. अशा बसला आमच्या धंद्यात 'फीडर' म्हणतात. पुलगावच्या रस्त्यावरच्या काही बस काढायच्या आणि रोहण्याहून आतल्या गावांना सोडायच्या. एका गाडीतून उतरायचं, दुसरीत बसायचं. याला म्हणतात कनेक्शन. रोहण्याला जमलं, की तेच तळेगावला, तेच देवळीला. सगळा जिल्हा एका विणीत! मला रात्र रात्र झोप यायची नाही, इतका मी त्या नकाशाने झपाटलो होतो.

आमचे वरिष्ठ कोल्हे साहेब नागपूरचे. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कागज पे तो सब अच्छा दिसतं, वानखेडे. एक महिना देतो. जमलं तर ठीक, नाहीतर बस परत जुन्या रस्त्यावर."

ट्रायलच्या आधी मी आतल्या गावांमधून सायकलवर फिरलो. बोरखेडी नावाच्या गावात यमुनाबाई भेटल्या. शेतकरी घरच्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांची सून कुंदा डी.एड. झालेली. पुलगावच्या एका शाळेत तिला नोकरी मिळत होती, पण जायचं कसं? सासऱ्यांचा नकार होता. कुंदाने नोकरी करावी म्हणून घरात भांडत होत्या त्या यमुनाबाईच.

"साहेब, सून सकाळी जाईन अन् दिवेलागणीले घरी येईन, असं होईन काय?" त्यांनी विचारलं.

"होणारच."

"तुमी सबद देता?"

मी भारावलेलाच होतो. दिला शब्द. कुंदाने नोकरी धरली.

तर त्या पहिल्या संध्याकाळी छोटी गाडी शिट्टी देत आली. माणसं उतरली आणि बसकडे धावली. मीही त्यांच्यामागे धावलो. बस भरलेली होती. माणसांनी नाही, रुमालांनी. ज्यांनी आपल्याकडे बसने प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. बस लागली रे लागली, की खिडकीतून रुमाल, टोपी, दुपट्टा, पिशवी, जे हाती असेल ते आत फेकायचं. जिथे पडलं ती जागा आपली. आतल्या गावांत पहिल्यांदाच बस जाणार म्हणून निम्मा परिसर हौसेने रोहण्याला आला होता. त्या सगळ्यांनी आधीच रुमाल टाकून ठेवले होते. ते सगळे चढल्यावर रेल्वेतून उतरलेल्यांना उभं राहायलाही जागा उरली नाही. बायका तर दारापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. बस गेली आणि कुंदा डबा छातीशी धरून रस्त्यावर उभी राहिली.

तिला घ्यायला यमुनाबाई बैलगाडी जुंपून आल्या, तेव्हा अंधार पडला होता. मी तिथेच होतो. पळून कुठे जाणार?

"हाच काय तुमचा सबद?" त्यांनी विचारलं. "घरी आमचे मालक म्हणून राह्यले का, उद्यापासून नोकरी बंद."

"मला थोडे दिवस द्या, यमुनाबाई."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बरं. तवरोक मी पाह्यतो माह्या परीनं. पन सोमवारपासून आमचा कापूस वेचाले लागन. मंग मी काई येत नाई. मंग पोरीची नोकरी तुमच्या हाती."

मी कामाला लागलो. सगळ्यात सोपं ते आधी केलं. निम्म्या सीटांच्या पाठीवर पत्र्याच्या पाट्या ठोकल्या: 'रेल्वे प्रवाशांसाठी राखीव'. निम्म्या जागा रोहण्याच्या लोकांना, निम्म्या उतरणाऱ्यांना. मोठा न्याय केल्याचं समाधान वाटलं. संध्याकाळी बघतो तर एक जाडजूड गृहस्थ पाटीवर छान पाठ टेकून बसलेले.

"काका, ही जागा कोणासाठी आहे, वाचलंत का?"

"वाचलं ना. रेल्वेवाल्यासाठी हाय."

"मग?"

"ते येऊ द्या ना बाप्पा, उठतो."

ते आले. काका उठले नाहीत. त्यांना झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी शेषरावांना सांगितलं, छोटी गाडी येईपर्यंत दारच उघडू नका. माणसं खिडकीतून आत शिरली. मी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी एकाच्या अंगावर धावूनही गेलो. शेषरावांनी मला बाजूला ओढून चहा पाजला.

चहा पिताना माझं लक्ष यमुनाबाईंकडे गेलं. त्या भर दुपारीच गावाहून येऊन बसल्या होत्या. बस लागताच त्यांनी खिडकीतून हात घालून एका सीटवर जुनं लुगड्याचं फडकं टाकलं आणि सुनेला घ्यायला निवांतपणे प्लॅटफॉर्मवर निघून गेल्या. मी ते फडकं बघत राहिलो. बस गच्च भरली. एक दांडगा गडी त्या सीटला टेकून उभा होता, घामाने निथळत होता, पण फडक्याला त्याने बोट लावलं नाही. कुंदा आली, फडकं उचललं, बसली. रेल्वेतून उतरलेल्यांपैकी जागा मिळाली ती तिला एकटीला!

मी चहाचा कप तिथेच टाकला. सरकारी पाटी कोणी मानत नाही आणि फाटकं फडकं सगळे मानतात! म्हणजे या लोकांना जागा धरणारं माणूस हवं. कुंदाला सासू आहे. बाकीच्यांना नाही. मग खात्यानेच सगळ्या प्रवाशांची सासू व्हायचं!

हे वाक्य मी कोल्हे साहेबांसमोर जसंच्या तसं म्हटलं, आणि त्याबद्दल त्यांनी मला हाकलून द्यायला हवं होतं. पण ते हसले.

"म्हणजे कंडक्टर रुमाल टाकणार?"

"डेपोतून निघतानाच, सर. निम्म्या सीटांवर."

"ठीक आहे. पण कापड एकसारखं पाहिजे. आणि त्यावर आपला शिक्का. नाहीतर ऑडिटवाले विचारतील."

वर्ध्याहून पांढरी शुभ्र खादी आणली. चौकोन कापले, शिक्के मारले, सीटांवर अंथरले. मी बसच्या मागे लपून बघत होतो. पहिल्याच माणसाने कापड उचललं, शिक्का पाहिला आणि म्हणाला, "अरे, सरकारी हाय." ते त्याने खाली टाकलं, वर बसला. मागचे सगळे तसेच बसले. एकाने तर त्या खादीने चष्मा पुसला.

मी हताश झालो म्हणावं तर तसं नाही. उलट मला आणखी चेव आला, कारण आता नेमकं कळलं होतं. फडक्यामागे एक माणूस असतं, जे येऊन भांडणार आहे. त्या माणसाला लोक वचकतात. शिक्का भांडायला येत नाही.

त्या रविवारी मी घरात बायकोची ट्रंक उघडली. "जुन्या साड्या काढ, फाडायच्या आहेत." ती आधी घाबरली. कारण सांगितल्यावर तिनेच कात्री घेतली. चौकड्याची, फुलांची, विटकी जांभळी, एकासारखं दुसरं नाही. सोमवारी सकाळी कोल्हे साहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी गळ्यातला जुना मफलर काढला आणि टेबलावर ठेवला. "हा पण टाक. और शिक्का मत मारना."

सोमवारी यमुनाबाई कापसात होत्या. रोहण्याला बस लागली तेव्हा निम्म्या सीटांवर फडकी होती. लोक चढले. एकाने मफलर पाहिला, इकडेतिकडे बघितलं आणि पुढच्या सीटकडे सरकला. जाडजूड काकाही आले. जांभळ्या फडक्यापाशी थबकले.

"हे कोनाचं हाय?" त्यांनी शेषरावांना विचारलं.

"एका बाईचं. लय कडक हाय ते," शेषराव म्हणाले. मी त्यांना असं काही शिकवलं नव्हतं.

काका उभे राहिले! शिट्टी झाली. माणसं उतरली आणि आज धावली नाहीत, कारण माझ्या विनंतीवरून स्टेशन मास्तरांनी प्लॅटफॉर्मवरच सांगितलं होतं, फडकं दिसेल तिथे बसा. एकेक फडकं उचललं गेलं. कुंदा शेवटी आली. जांभळ्या फडक्याच्या जागी बसली, आणि बस दिवेलागणीच्या आत बोरखेडीच्या वाटेला लागली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून टाळ्या वाजवल्या. लोक बघत होते. बघू देत.

महिना संपला, तेव्हा बस भरून जात होती आणि छोट्या गाडीचे डबेही. कोल्हे साहेबांनी सही केली. पुढे तळेगाव झालं, देवळी झालं. कनेक्शनवर भरवसा बसला तसा लोकांना फडक्यांचा विसर पडला आणि शेषरावांनी ती इंजिन पुसायला घेतली. माझ्या अहवालात या प्रकाराला 'आसन-आरक्षणाची स्थानिक पद्धत' असं नाव आहे. साड्या कोणाच्या, हे त्यात नाही.

पण त्यातलं एक फडकं पुसायला गेलं नाही. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी शेषरावांनी माझ्या हातात एक घडी ठेवली. जांभळं फडकं, धुतलेलं, चापूनचोपून दुमडलेलं, आत दोन संत्री. कुंदा ते कुणाचंतरी राहिलं म्हणून घरी घेऊन गेली होती. यमुनाबाईंनी धुऊन परत पाठवलं होतं.

"निरोप हाय," शेषराव म्हणाले. "ज्या बाईनं माह्या सुनेसाठी जागा धरली, तिले देजा म्हणे."

मी ते घरी नेऊन बायकोला दिलं. तिने संत्री मुलांना सोलून दिली आणि फडकं पुन्हा ट्रंकेत ठेवलं.

नंतर मी बरीच वर्षं नकाशे काढले. नवीन पोरं यायची, लाल-निळ्या रेघा जोडून दाखवायची आणि विचारायची, "सर, कनेक्शन बरोबर आहे ना?" मी एवढंच विचारायचो, उतरणाऱ्या माणसासाठी पलीकडे जागा कोणी धरलीय?