तळपाय बघायची वेळ

आमच्या ह्यांना नव्या वर्षाचं भारी वेड. डिसेंबर संपत आला की हे काहीतरी अचाट ठरवणार. एका वर्षी चहा सोडला. नोकरी एसटीत कंडक्टरची, दर स्टँडवर कोणी ना कोणी कप पुढं करणार. संक्रांतीच्या आत चहा परत सुरू झाला, तोही आधीपेक्षा गोड. एका वर्षी पहाटे उठून पळायचं ठरलं. त्यासाठी आणलेले बूट माळ्यावर आहेत, उंदरांना उपयोगी पडले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ह्यांचे तेवढेही भरत नसत. लग्न होऊन बेंबळीला आले तेव्हापासून मी हे बघत आले आणि दर वर्षी हसत आले.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात मात्र मला हसू आलं नाही. आम्ही भूमला थोरल्या दिरांना बघायला गेलो होतो. त्यांना साखरेचा आजार, आणि त्यापायी उजवा पाय गुडघ्याखालून काढलेला. भाऊजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते, पायजम्याचा रिकामा पाय दुमडून नाडीत खोचलेला. चपलेचा खिळा वर आला होता, तो टाचेत रुतत राहिला आणि त्यांना कळलंच नाही, असं त्यांनी सांगितलं. मी बावळटासारखं विचारलं, असं कसं कळलं नाही? भाऊजी रागावले नाहीत. म्हणाले, "दुखलं असतं तर बघितलं असतं की."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी डुलक्या घेत होते आणि मी त्यांच्या पायांकडं बघत होते. दोघे एकाच आईचे. ह्यांनाही तीच साखर, काही वर्षं झाली होती. गोळ्या घेत होते, त्याही आठवेल तेव्हा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा आजार आमच्या घरात कधीचा येऊन बसलाय आणि आपण त्याला पाहुण्यासारखं वागवतोय.

चार दिवसांनी मी ह्यांना जवळजवळ ओढतच धाराशिवला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी ह्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक कांडी तळपायाला टेकवायला सुरुवात केली. लागलं की 'हो' म्हणायचं. त्यांनी अंगठ्याखाली टेकवली, टाचेवर टेकवली, चवड्यावर टेकवली. हे डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसले होते, कांडी लागायची वाट बघत. कांडी केव्हाची लागून गेली होती. मी भिंतीला टेकून उभी होते.

बाई म्हणाल्या, मोठं काही ठरवू नका, मोठं टिकत नाही. जेवण झालं की थोडं चालायचं, घरातसुद्धा चप्पल घालायची, आणि रोज एकदा तळपाय नीट बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर बायकोनं बघायचे. जी गोष्ट घरात रोज होतेच तिला ही जोडून टाका, म्हणजे विसरणार नाही. हे बाहेर आल्यावर हिरमुसले. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी फी, असं त्यांचं म्हणणं.

तर एक जानेवारीला आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी लहान ठरलं. मी दिवेलागणीला देवापुढं दिवा लावते, ते कधी चुकत नाही. दिवा लावला की बॅटरी घेऊन ओट्यावर यायचं, हे पाय लांब करून बसणार, मी दोन्ही तळवे बघणार, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. ड्यूटी असली तर घरी आल्यावर. चपलेचं मात्र जड गेलं. आमच्यात घरात चप्पल घालून फिरत नाहीत, देवघर तर सोडाच. मी नवी रबरी चप्पल आणली, तिला बाहेरची माती लागू दिली नाही, तरी पहिले काही दिवस त्या फटफट आवाजानं माझ्याच अंगावर शहारे येत. शेजारीण विचारायला आली, "काय वं, मालक सायब झाले का?" मी म्हटलं, व्हय, आता खुर्चीत बसूनच जेवणार हायती. ती हसली. मला हसायला काही जड गेलं नाही, पण आत धाकधूक होती ती होतीच.

आणि नवल म्हणजे ते टिकलं. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, हे जेवण झालं की पाराला वळसा घालून यायला लागले. ओट्यावरची आमची ती बैठक गल्लीला सवयीची झाली. हे पाय माझ्या मांडीवर टाकून दिवसभराच्या गमती सांगत, कोण फुकट जायला बघत होतं, कुणाची कोंबडी बसमध्ये सुटली. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही रोज असे कधी बसलो नव्हतो. मला ती वेळ आवडायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

पाडव्याच्या आसपासची गोष्ट. असंच हे बोलत होते आणि माझ्या बॅटरीच्या उजेडात डाव्या तळव्यावर एक काळा ठिपका दिसला. तीळ म्हणावा तर आदल्या दिवशी नव्हता. बोट फिरवलं तर टोक लागलं. बाभळीचा काटा, बाहेरच्या चपलेतून आरपार आलेला आणि आत मोडलेला. हे दिवसभर त्यावर उभे राहून तिकिटं फाडत होते. मी चिमट्यानं तो काढला. लांबलचक निघाला, मागून रक्त आलं. काढताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही, कोंबडीची गोष्ट तशीच चालू. जखम भरली, कारण ती वेळेत दिसली. बाई म्हणाल्या, तुम्ही रोज बघत होता म्हणून पाय वाचला.

उन्हाळ्यात साखर खाली आली. बाईंनी ह्यांची पाठ थोपटली आणि हे छाती काढून फिरायला लागले. सगळे म्हणायचे, तब्येत सुधारली. मलाच काय झालं होतं कोण जाणे, कौतुक ऐकलं की भीती वाटायची. पाय बरे झाले, असं हे म्हणत. पाय बरे नव्हते. फक्त रोज कोणीतरी त्यांच्याकडं बघत होतं.

मग नवरात्र आलं. ह्यांच्या घराण्यात घट बसल्यापासून उठेपर्यंत पुरुषमाणसं अनवाणी राहतात आणि अष्टमीला चालत तुळजापूर गाठतात. सासऱ्यांनी केलं, भाऊजींनी पाय जाईपर्यंत केलं. घटस्थापनेच्या सकाळी मी बघितलं तर दोन्ही चपला, घरातली आणि बाहेरची, कोनाड्यात पालथ्या घालून ठेवलेल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर हे शांतपणे म्हणाले, "वरीसभर तुझं ऐकलं. नऊ दिवस आईचे."

मी भांडले. भाऊजींची आठवण दिली, काट्याची दिली. पाय मऊ कापडानं बांधून तरी जा म्हटलं. बाईंना फोन लावून दिला तर त्यांना हो हो म्हणाले आणि फोन ठेवून दिला. शेवटी मी गप्प झाले, कारण मीही त्याच देवीपुढं वाकते. तिच्यासाठी सोडलेल्या चपला मी कोणत्या तोंडानं परत घालायला लावू? मी घटाला माळ घालताना रोज एवढंच म्हणत होते, पाय तेवढे सांभाळ. संध्याकाळी दिवा लावून बॅटरी घेऊन येत होते. तळवे ठीक होते. रोज ठीक होते, तरी मी बॅटरी पुन्हा फिरवून बघत होते.

दर वर्षी गावातली मंडळी अंधार पडल्यावर निघतात, सडक गार असते. या वेळी ह्यांची ड्यूटी संपायला अष्टमीची सकाळ उजाडली. मंडळी पुढं गेलेली. हे घरी येऊन आंघोळ करेपर्यंत ऊन चढलं, तरी एकटेच निघाले. आश्विनाचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, डांबरावर पाण्यासारखं काहीतरी हलताना दिसतं. मी दारातून बघत राहिले. पायरीवरचा दगड माझ्याच पायाला चटका देत होता.

दिवस मावळायला हे जीपनं परत आले. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, चेहरा असा फुललेला की लग्नातसुद्धा तसा बघितला नव्हता. देवापुढं प्रसाद ठेवला आणि स्वतःहून ओट्यावर जाऊन बसले. मी दिवा लावून बाहेर आले. त्यांनी उजवा पाय माझ्या मांडीवर टाकला आणि माझा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं.

"दरवर्षी पाय भाजत्यात, रडू येतंय वाटंत. औंदा काय सुदिक जाणवलं न्हाय बघ. सगळं आईनं अंगावर घेतलं."

मी बॅटरी लावली. चवड्याखालचं कातडं सुटून लोंबत होतं आणि आत लालभडक मांस होतं, त्यात वाटेवरची खडी रुतलेली. मी बॅटरी बंद केली. मग पुन्हा लावली. हे दारातून आतल्या दिव्याकडं बघून हात जोडत होते. त्यांना म्हटलं, हलू नका, पाय खाली टेकवू नका. ते म्हणाले, का गं, काय झालं? आवाजात अजून तोच आनंद होता. मला देवीचा राग आला, आणि मग राग आला म्हणून भीती वाटली.

दसऱ्याला आम्ही सोलापूरला दवाखान्यात होतो. डाव्या तळव्याचे फोड भरले, उजव्याचा आधी अंगठा गेला. डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं, पण विष वर चढत राहिलं. दिवाळीच्या आधी पाय गुडघ्याखालून काढला, भाऊजींचा काढला तसाच. का दुखलं नाही हे डॉक्टरांनी ह्यांना समजावून सांगितलं, चित्र काढून सांगितलं. हे मान हलवत होते. डॉक्टर गेल्यावर मला हळूच म्हणाले, काही झालं तरी त्या दिवशी तिनं दुखू दिलं नाही. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

या एक जानेवारीला ह्यांनी सवयीनं विचारलं, यंदा काय ठरवायचं? मी म्हटलं, जे चालू आहे तेच. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला आणि बॅटरी घेऊन ओट्यावर आले. आता एकच तळवा असतो. तो मी फार वेळ बघते.